एस्तेर राजापुढे दोनदा गेली

तुम्ही विचारलंय ते असं. एस्तेर ही इराणच्या राजाची यहुदी राणी, आणि शास्त्रातल्या तिच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. ती कुठे प्रार्थना करताना दिसत नाही. आपल्या लोकांसाठी राजाकडे जा, असा चुलतभाऊ मर्दखयचा निरोप आला तेव्हा तिने आधी काखा वर केल्या. मग श्रद्धेचा विषय निघाला की तिचं नाव का घेतात? शिवाय ही गोष्ट तुम्हाला नववीतल्या लेकीला सांगायची आहे, पण 'राणी शूर होती, तिने आपली माणसं वाचवली' एवढ्यावर तुमचं समाधान होत नाही.

होऊ नयेच. मी कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे इथल्या यहुदी समाजाच्या घरातली. मुलांना आणि पुढे मोठ्यांनाही तनाख, म्हणजे आमचं हिब्रू शास्त्र, शिकवण्यात माझी हयात गेली. याच गोष्टीचा आमचा सण पुरीम, त्याच्या आधी दर वर्षी एस्तेरचे दहा अध्याय पुन्हा हातात येतात. इतकं वाचून, शिकवून माझं मत एका जागी येऊन ठरलंय: एस्तेर राजापुढे दोनदा गेली, आणि गोष्ट सांगणारे बहुतेक जण पहिल्या वेळेपाशीच थांबतात. तिची श्रद्धा बघायची तर दुसरी वेळ बघायला हवी. तिथे पोचण्याआधी मात्र थोडं मागून यावं लागेल.

देवाच्या नावाचं आधी निस्तरू. तुमची शंका फार जुनी आहे. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत तनाखमधल्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांचे तुकडे सापडले, एस्तेरचा मात्र एकही मिळाला नाही. हे पुस्तक पवित्र मानायचं का, यावर जुन्या आचार्यांतही बोलणी झाली. तल्मूदमध्ये, म्हणजे आचार्यांच्या चर्चांच्या आमच्या जुन्या ग्रंथात, असं येतं की एस्तेरने त्यांना स्वतः निरोप पाठवला: माझी गोष्ट पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवा. ते आढेवेढे घेतात, शेवटी शास्त्रातच आधार शोधतात आणि मान्य करतात. ग्रीक भाषांतरात तर एस्तेर आणि मर्दखय यांच्या लांब प्रार्थना वाढवलेल्या आहेत. वसईकडच्या एखाद्या कॅथलिक मैत्रिणीचं बायबल उघडलंत तर त्या तुम्हाला दिसतील. प्रार्थना सुंदर आहेत, पण मला विचाराल तर त्यांनी गोष्ट सोपी करून टाकली. हिब्रू पाठात वरून कोणी बोलत नाही, स्वप्न पडत नाही, समुद्र दुभंगत नाही. मोशेला निदान जळतं झुडूप दिसलं होतं. एस्तेरपुढे काय होतं? तिच्या सेवेतला एक खोजा, त्याच्या हातात हुकमाची नक्कल, आणि राजाच्या दालनाकडे जाणारी वाट.

तिची परिस्थितीही नीट बघा. राजा अहश्वेरोश म्हणजे इराणचा झर्क्सिस, इसवी सनापूर्वी ४८६ ते ४६५ मधला, असं बहुतेक अभ्यासक धरतात. त्याचं राज्य १२७ प्रांतांचं, आणि पहिल्याच वचनात आपल्या देशाचं नाव आहे: होदूपासून कूशपर्यंत, म्हणजे हिंदुस्थानापासून इथिओपियापर्यंत. राजधानी शूशन, आजच्या इराणमधलं शूश. जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटस या राजाच्या राणीचं नाव अमेस्ट्रिस सांगतो, त्यामुळे हा इतिहास किती आणि कथा किती यावर वाद आहेत. तो वाद मी बाजूला ठेवते, आपलं काम पाठाशी आहे.

मुलांच्या पुस्तकांत 'सौंदर्यस्पर्धा' असा शब्द असतो. तो मला खटकतो. वश्ती राणीने दारू चढलेल्या दरबारापुढे यायला नकार दिला म्हणून तिला काढून टाकलं, आणि मग राज्यभरातून कुमारिका गोळा केल्या. एस्तेर 'नेली गेली' असं पाठात आहे. तिला कोणी विचारलं नव्हतं. बारा महिने अंगाला तेलं आणि सुगंधी द्रव्यं, मग राजाकडे एक रात्र, आणि नाव घेऊन पुन्हा बोलावलं नाही तर जन्मभर जनानखान्याचा दुसरा भाग. आईबाप नसलेली पोर, चुलतभाऊ मर्दखयने वाढवलेली. आपण कोणत्या समाजाच्या हे कुणाला सांगू नको, असं त्यानेच बजावलेलं, आणि तिने ते पाळलेलं. चौथ्या अध्यायापर्यंत ही मुलगी फक्त सांगितलेलं ऐकते.

मग राजाचा सर्वांत वरचा सरदार हामान येतो. मर्दखय आपल्यापुढे वाकत नाही एवढ्यावरून तो सगळ्या यहुद्यांच्या मुळावर उठतो. चिठ्ठ्या टाकून त्यांना मारण्याचा दिवस काढतो, बाराव्या, म्हणजे अदार महिन्याचा १३. राजाच्या खजिन्यात दहा हजार किक्कार चांदी भरण्याची तयारी दाखवतो, म्हणजे आजच्या मापाने सुमारे तीनशे टन. राजा अंगठी काढून देतो. कोणत्या लोकांबद्दल बोलणं चाललंय हेसुद्धा तो विचारत नाही! हुकूम पहिल्या महिन्यात, १३ नीसानला लिहिला जातो, अंमल अकरा महिन्यांनी.

आता तुमचं 'काखा वर केल्या'. मर्दखय गोणपाट नेसून राख फासून राजवाड्याच्या दाराशी येतो. एस्तेरला कारण ठाऊक नाही. ती त्याला कपडे पाठवते, तो परत करतो. मग हथाक नावाचा खोजा दोघांच्यात खेपा घालायला लागतो. मर्दखय म्हणतो, राजाकडे जा. ती कळवते: बोलावल्याशिवाय आतल्या चौकात पाऊल टाकणाऱ्याला एकच शिक्षा, मृत्यू. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच सुटका. आणि मला बोलावून तीस दिवस झाले.

हे तीस दिवस विसरू नका. ती राणी होऊन चार वर्षं उलटलीत, आणि नवऱ्याने महिनाभर तोंड पाहिलेलं नाही. वश्तीचं काय झालं हे राजवाड्यातल्या प्रत्येक बाईला पाठ असणार. एस्तेर खोटी सबब सांगत नव्हती, ती वस्तुस्थिती सांगत होती. भीती वाटण्याला मी श्रद्धेची उणीव मानत नाही. ज्याला धोका दिसतच नाही त्याच्या धाडसाला किंमत ती काय!

मर्दखयचं उत्तर आपल्याकडे फार वेळा अर्धंच सांगितलं जातं. 'कोणास ठाऊक, अशाच वेळेसाठी तुला राणीपद मिळालं असेल' हे वाक्य भाषणांत, पत्रिकांवर, भिंतीवरच्या तसबिरींत सापडतं. त्याच्या आधीचं वाक्य कुणी तसबिरीत घालत नाही: तू गप्प राहिलीस तर यहुद्यांना सुटका दुसरीकडून मिळेल, पण तू आणि तुझ्या बापाचं घराणं नष्ट व्हाल. धमकी आहे का? आहे थोडी. पण त्यातली पहिली बाजू बघा. सुटका येणारच आहे, तुझ्यावाचून अडणार नाही. सगळ्या जगाचा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर तो टाकत नाही. तिला तो सांगतो की काम होणार आहे, तू त्यात असशील की नाही एवढंच ठरायचंय. माझ्या मते या पुस्तकातलं सर्वांत मोठं श्रद्धेचं वाक्य हेच, आणि तेही देवाचं नाव न घेता. शिवाय तो 'कोणास ठाऊक' म्हणतो. देवाने मला कळवलंय, असा आव तो आणत नाही. आजकाल देवाची इच्छा आपल्याला नक्की कळलीय असं ठणकावून सांगणारे लोक पाहिले की मला हा मर्दखय आठवतो.

एस्तेरचं पुढचं बोलणं हुकमाच्या भाषेत आहे. जा, शूशनमधले सगळे यहुदी जमव, माझ्यासाठी उपास करा, तीन दिवस, रात्रंदिवस, अन्नपाणी नको. मी आणि माझ्या दासीही तसंच करू. मग मी कायद्याविरुद्ध राजाकडे जाईन, आणि मेले तर मेले. लगेच पुढचं वचन: मर्दखय गेला आणि एस्तेरने सांगितलं तसं त्याने सगळं केलं. इथे पारडं फिरलं. ऐकणारी सांगणारी झाली.

तुम्ही म्हणता ती प्रार्थना करत नाही. उपास आहे की! आणि तो कोणत्या दिवसांत पडला ते बघा. हुकूम १३ नीसानचा, आणि १५ नीसानला पेसह, मिसरातून सुटकेचा आमचा सण, जो एरवी कोणत्याही यहुदी घरात उपासाने घालवत नाहीत. तल्मूदने हे हेरलंय: मर्दखयने पेसहचा पहिला दिवस उपासात घालवला. सुटकेचा सण साजरा करायला माणसंच उरली नाहीत तर सण कसला, असा हिशेब त्यामागे दिसतो, आणि तो हिशेब त्या पोरीने मांडला. तिने एकटीने जायचं ठरवलं, पण त्याआधी सगळ्या गावाला सोबत उपाशी ठेवलं. धीर एकटीने गोळा करायची तिची तयारी नव्हती. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा, कारण धाडसी बाईची गोष्ट म्हटली की ती एकटीच उभी असते अशी चित्रं काढायची आपल्याला सवय आहे.

तिसऱ्या दिवशी ती राजवस्त्रं नेसते आणि आतल्या चौकात उभी राहते. तीन दिवसांच्या कडक उपासानंतर माणूस कसा दिसत असेल याचा विचार करा, वर जड पोशाख. राजा सिंहासनावर, तोंड दरवाजाकडे. राजदंड पुढे होतो, ती जवळ जाऊन त्याच्या टोकाला हात लावते. तल्मूदमध्ये या चालण्याबद्दल एक विलक्षण गोष्ट आहे. मूर्तींच्या दालनाजवळ ती आली तेव्हा देवाचं सान्निध्य तिच्यापासून दूर झालं, आणि ती बाविसाव्या स्तोत्रातले शब्द बोलली: माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. आमच्या आचार्यांनी तिला सात संदेष्ट्या बायांत गणलं, आणि त्याच बाईच्या तोंडी हे घातलं. आपण देवाच्या सोबतीने चाललोय असं तिला वाटत होतं असं ते म्हणत नाहीत. वाटेनासं झालं तरी ती चालत राहिली, असं म्हणतात.

मेजवान्यांचं मी फार लांबवत नाही. राजा अर्धं राज्य मागायला सांगतो, ती फक्त जेवायचं आमंत्रण देते, हामानसकट. त्या जेवणात पुन्हा उद्याचं आमंत्रण. हामानला का बोलावलं यावर तल्मूदमध्ये एकामागून एक कारणं दिलीत, कोणी म्हणतं त्याला बेसावध ठेवायला, कोणी म्हणतं राजाच्या मनात संशय पेरायला. पहिल्या जेवणात तिची जीभच रेटली नसेल, असंही मला अधूनमधून वाटतं. त्या रात्री राजाची झोप उडते, दप्तर वाचून घेतलं जातं, मर्दखयने राजाचा जीव वाचवल्याची जुनी नोंद सापडते, आणि सकाळी हामानलाच मर्दखयच्या घोड्याचा लगाम धरून गावातून फिरावं लागतं. पुरीमला मेगिल्ला, म्हणजे एस्तेरच्या पुस्तकाची गुंडाळी, वाचताना या 'त्या रात्री'शी वाचणाऱ्याचा आवाज चढतो. गोष्ट इथून उलटते, आणि त्यात एस्तेरचा काहीच हात नाही. तिने काय केलं? एक दिवस थांबली. दुसऱ्या जेवणात तिने तोंड उघडलं, हामान त्याने मर्दखयसाठी उभारलेल्या पन्नास हात उंच खांबावर टांगला गेला.

बहुतेकांची गोष्ट इथे संपते. पुस्तक संपत नाही.

आठव्या अध्यायाची पहिली दोन वचनं वाचा. हामानचं घरदार एस्तेरला मिळतं. मर्दखय तिचा कोण हे ती राजाला सांगते, अंगठी त्याच्या बोटात जाते. शत्रू मेला, इस्टेट हाती आली, भाऊ दिवाण झाला, आणि राजवाड्यात तिच्या केसाला कोणी धक्का लावणार नाही. पण हुकूम? तो तसाच आहे. इराणी कायद्याने राजाच्या शिक्क्याचं लिखाण मागे घेता येत नाही. घर पेटवणारा सापडला म्हणून आग विझत नाही. १२७ प्रांतांत लोक १३ अदारची वाट बघत बसलेत, कोणी भीतीने, कोणी आशेने.

तिसऱ्या वचनात एस्तेर पुन्हा राजाकडे बोलते. ती त्याच्या पायांवर पडते, रडते. राजदंड पुन्हा पुढे होतो, म्हणजे धोकाही पुन्हा तोच असावा, मी तरी तसं वाचते. तारखा जुळवल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. परंपरेच्या हिशेबाने हामान नीसानमध्येच फासावर गेला, आणि दुसरा हुकूम निघाला तिसऱ्या महिन्यात, २३ सिवानला, दोन महिन्यांहून जास्त वेळाने. त्या मधल्या काळात काय चाललं होतं ते पाठ सांगत नाही. राजाच्या दृष्टीने प्रकरण मिटलेलं होतं. मिटलेलं प्रकरण पुन्हा उकरून काढणारी बायको कोणत्या राजाला आवडते!

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून बघा. पहिल्या वेळी राजवस्त्रं होती, मेजवान्या होत्या, योजना होती. तेव्हा तिने आधी स्वतःचा जीव मागितला, मग लोकांचा: आम्ही विकले गेलोय, मी आणि माझे लोक. हे चुकीचं नव्हतं, नवऱ्याला हलवायला तोच मार्ग होता. दुसऱ्या वेळी तिच्या जिवाचा प्रश्नच उरलेला नाही. मागणं मांडण्याआधी ती एकामागून एक चार विनवण्या रचते: महाराजांना बरं वाटलं तर, माझ्यावर मेहेरनजर असली तर, गोष्ट योग्य वाटली तर, मी आपल्या नजरेला पसंत असले तर. आणि मग म्हणते, माझ्या लोकांवर येणारं संकट मी कशी पाहू? पहिल्यांदा ती मरायला तयार होऊन गेली. दुसऱ्यांदा ती सुखरूप असताना गेली, आणि मला ते जास्त अवघड वाटतं. स्वतःच्या मानेवर सुरी असताना माणूस देवाचा धावा करतोच. सुरी बाजूला झाल्यावर दुसऱ्यांच्या मानेकडे बघायला फार थोडे थांबतात.

उत्तरही तिला अर्धंच मिळालं. राजा म्हणतो, हामानचं घर तुला दिलं ना, त्याला टांगलं ना! आता हवं ते लिही, पण आधीचं रद्द होणार नाही. मग नवा हुकूम निघतो, यहुद्यांनी एकत्र येऊन आपला बचाव करावा असा. तो प्रत्येक प्रांताच्या लिपीत आणि प्रत्येक लोकांच्या भाषेत लिहिला गेला, पुन्हा होदूपासून कूशपर्यंत, आणि वेगवान घोड्यांवरून धाडला गेला. चमत्कार म्हणावं तर तो असा: कागदावर कागद.

नववा अध्याय मी गाळून सांगत नाही, तुम्हीही गाळू नका. १३ अदारला प्रांतांत ७५,००० माणसं मारली गेली. लुटीला हात लावला नाही हे तीनदा सांगितलंय, मारले गेले ते हल्ला करायला उठलेले होते असंही आहे. तरीही शूशनमध्ये आणखी एक दिवस द्या, असं एस्तेरच मागते, आणि त्या दिवशी आणखी ३०० मरतात. का मागितलं, याची कारणं भाष्यकारांनी दिलीत. माझं मन त्यातल्या कुठल्याच कारणाने पुरतं निवत नाही. जिला संदेष्टी म्हणतात तिच्या हातूनही माझ्या गळी न उतरणारी गोष्ट घडते, आणि शास्त्र ती झाकत नाही. अशा पुस्तकावर मी जास्त विश्वास ठेवते.

आता लेकीला कसं सांगायचं. आमच्या आजी-पणजी पुरीमला होळीचा सण म्हणत. पुरीम १४ अदारला, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास, आणि फाल्गुनी पौर्णिमा बहुधा तिच्याच आसपास येते. २०२५ साली तर धुळवड आणि पुरीम दोन्ही १४ मार्चला होते. घरात पुरणपोळ्या होतात, शेजारी ताटं जातात, गरिबाला दान द्यायचंच असतं. सभास्थानात गुंडाळी पत्रासारखी घड्या घालून ठेवतात, कारण ती एस्तेरने पाठवलेल्या पत्राची आठवण, आणि हामानचं नाव आलं की पोरं पाय आपटून गोंगाट करतात. बाईवरही हे वाचन ऐकण्याचं बंधन आहे. तल्मूदमध्ये कारण दिलंय: त्या सुटकेत त्याही होत्या.

लेकीला गोष्ट सांगण्यापेक्षा चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, अर्ध्या तासाच्या आत होतात. मध्ये दोनदा थांबा. 'तीस दिवस' आले की विचारा, तू असतीस तर काय कळवलं असतंस. आणि आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनानंतर पुस्तक मिटून विचारा, आता एस्तेरने काय करावं. ती म्हणेल संपलं की, सुटली ती. मग तिसरं वचन तिलाच वाचू द्या. नवव्या अध्यायाचा आकडा वाचून नववीतली मुलगी गप्प बसणार नाही. तिने विचारलं तर उत्तर देण्याची घाई करू नका, त्यावर आमच्यातही एकमत नाही.